ऐकल्याशिवाय नंबर नाही

बऱ्हाणपुरात जे जे म्हणून बेसूर होतं, त्या सगळ्याशी आमच्या शेजारच्या मास्साबांचं वैयक्तिक वैर होतं. सरकारी शाळेतून निवृत्त झालेले ते गाण्याचे मास्तर. आमच्याकडे कुठल्याही मास्तराला मास्साबच म्हणतात, पण आमच्या इतवारा मोहल्ल्यात नुसतं मास्साब म्हटलं की लोक ह्यांच्याच दाराकडे बोट दाखवत. सकाळी मेथीवाली गल्लीत शिरली की हे तोंडात ब्रश तसाच धरून ओट्यावर येणार आणि म्हणणार, "बाई, 'मेथी' बरोबर लागते तुझी, 'ताजी' उतरते. फिरून म्हण." ती बिचारी फिरून म्हणे. तीनदा म्हणवून घेतल्यावर तिला पुढे सोडत. घेत मात्र काडीही नसत, कारण मेथी त्यांना आवडत नसे. एकदा तर त्यांनी भर बाजारात वरात अडवली. क्लॅरिनेटवाल्याचा सूर बाकीच्या बँडशी जुळत नव्हता. नवरदेव घोड्यावर, मुहूर्त डोक्यावर आणि हे रस्त्यात उभे राहून "भाई, पहले सा तो लगाओ" म्हणून शिकवणी घेतायत! शेवटी मुलीच्या बापाने येऊन हात जोडले तेव्हा वरात हलली. गंमत म्हणजे तो क्लॅरिनेटवाला पुढे दोन महिने त्यांच्याकडे शिकायला येत होता.

जगातल्या प्रत्येक आवाजाला ते दहापैकी नंबर देत. देवळातल्या आरतीला चार, आमच्या कुकरच्या शिट्टीला सहा, कोकिळेला सात. "चढते छान, पण उतरायला शिकली नाही," हा कोकिळेवरचा शेरा. मी एकदा गणपतीत गायचं धाडस केलं, तर मला नंबरच दिला नाही, म्हणाले, "तुम्ही ऑफिसात बरे आहात, भाऊ." पूर्ण दहा त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नव्हतं. आणि ह्या सगळ्या कारभाराचा नियम एकच होता, ऐकल्याशिवाय नंबर नाही. मेथीवालीचा घसा बसलाय असं कळलं तरी ते तिला आदल्या दिवशीचा नंबर लावत नसत. आम्ही ह्या नियमाची बरीच टिंगल करायचो. ती थांबली ती त्यामागची हकीकत कळल्यावर. नोकरीत असताना एका बड्या साहेबाच्या भाच्याला स्पर्धेत पहिलं काढा, असा निरोप त्यांना आला होता. भाचा तर गायला यायलाही तयार नव्हता. मास्साबांनी "आधी ऐकवा" एवढं उत्तर धाडलं आणि महिन्याभरात त्यांची बदली सातपुड्यातल्या अशा एका गावी झाली, की तिथे दिवसाकाठी एकच बस जाई. मास्तरीणबाई इथे आजारी. त्या गेल्याचा निरोप तिकडे पोचला तेव्हा त्या दिवशीची बस निघून गेली होती. हे त्यांनी मला तंबोऱ्याची तार पुसता पुसता सांगितलं. तार पुसून त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "त्या पोराला पुढे ऐकलं मी एका लग्नात. तीन."

त्यांच्या शिकवणीला जवळच्या जसोंडी गावची एक मुलगी यायची. बाप केळीचा शेतकरी. दर रविवारी ही पहिल्या बसने उतरणार, ओट्यावरच्या बादलीतून पायाचा चिखल धुणार आणि आत येऊन कोपऱ्यात बसणार. असं तिने सहा वर्षं केलं. नंबर कधी साडेसातच्या वर गेला नाही. पुढे ती शिकायला इंदूरला गेली, आणि एक दिवस बघतो तो टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उभी! मोबाईल तेव्हा नुकते घरोघर आले होते. दर आठवड्याला गाणी व्हायची, प्रत्येक गाण्यामागून पडद्यावर त्या गाणाऱ्याचा आकडा यायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्याला आवडलेल्याला मेसेज करून मत द्यायचं. अख्खी गल्ली आमच्या घरी जमे, कारण आमच्याकडे इन्व्हर्टर होता. मास्साब टीव्हीकडे पाठ करून बसत. गाणं बघायची वस्तू नाही, असं त्यांचं मत होतं. मुलीचं गाणं संपलं की भिंतीकडे बघतच ते नंबर सांगत, आणि मग सगळ्यांनी मेसेज करायचे. त्याआधी कुणी बटण दाबलं तर त्याला उठवून घरी पाठवत. त्यांचे जुने विद्यार्थी गावभर पसरलेले, त्यांच्या घरीही हीच शिस्त.

मुलगी अंतिम फेरीत पोचली. चौकात तिचा हा एवढा फोटो लागला. मिठाईवाल्याने जिलेबीची कढई वेगळी काढून ठेवली. आमची ही त्या आठवड्यात मला म्हणाली, "मतं आतापासूनच जातायत म्हणे, एक मेसेज टाकून देऊ या ना गुपचूप. त्यांना काय समजणार आहे?" मी मेसेज लिहिलाही. पण रोज सकाळी दाराशी भेटणाऱ्या माणसाला फसवायचं जिवावर आलं, आणि मी तो तसाच ठेवून दिला. मास्साबांच्या अंगात मात्र त्या दिवसांत वारं शिरलं होतं. दाढी रोज करू लागले होते. मला म्हणाले, "भाऊ, ही जिंकली ना, तर समजेन की आयुष्यात एक काम तरी पूर्ण झालं माझ्या हातून." इतकं सरळ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्या माडीवरच्या खोलीत मुंगीला वाव नव्हता. मुलगी सगळ्यांत शेवटी गायली. मला त्यातलं काही समजत नाही, पण माझ्याही अंगावर काटा आला. गाणं संपलं, टाळ्या संपल्या, तरी मास्साब भिंतीकडेच बघत राहिले. मग पहिल्यांदाच वळून टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "दहा. टाका रे आता सगळे." खोलीत एकच कालवा झाला, पटापट बटणं दाबली गेली. आणि मिनिटभरात एकेक मोबाईल वाजायला लागला. सगळ्यांना उत्तर एकच, मतदान बंद झालेलं आहे. अंतिम फेरीची मतं आठवडाभर घेणार आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी बंद करणार, हे म्हणे मागच्या भागाच्या शेवटी सांगितलं होतं. तेव्हा गावभर लाईट गेलेली होती आणि आमच्या इन्व्हर्टरनेही मान टाकली होती. थोड्या वेळाने निकाल लागला. मुलगी दुसरी आली. फरक अगदी थोडा होता, असं निवेदक दोनदा म्हणाला. लोक एकमेकांकडे न बघता चपला शोधून गेले. मास्साब उठले, "बराय," म्हणाले आणि भिंतीला धरून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "जसोंडीला चला. तिच्या बापाला सांगायला पाहिजे, हे माझ्यामुळे झालं." बाप शेतावरच होता. त्याने खाट टाकली, पाणी दिलं. मास्साब न बसताच म्हणाले, "मी लोकांना थांबवून ठेवलं. दोन-तीनशे मतं तरी गेली असती तिला." बापाने डोक्याचं फडकं काढून खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "मास्साब, तुमचीच काय, आमच्या पूर्ण गावाची गेली. आम्ही बी नाई टाकली ना!"

"तुम्ही का नाही टाकली?" मीच विचारलं.

"पोरीचा फोन आला होता. म्हने, बाबा, मास्साबनं सांगेल आहे तसंच करा. त्याहीनं ऐकल्याबिगर मले मत द्याचं नाई, अन् तुम्ही बी द्याचं नाई. तिले मालूम होतं मास्साब, की आधी बंद होते म्हनून. तरी तसंच म्हने."

मास्साब खाटेवर बसले. बापाने खिशातून मोबाईल काढला, मुलीला लावला आणि त्यांच्या हातात दिला. मास्साबांनी तो आधी उलटाच धरला, मी सरळ करून दिला. पलीकडून "मास्साब?" एवढं मलाही ऐकू आलं. "पोरी, मी चुकलो," असं ते म्हणाले. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले, डोळे मिटून, आणि फोन बंद झाल्यावरही कानाशी तसाच धरून बसले होते.

ती काय बोलली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी अजून वर्षातून एकदा येते, त्यांच्या बंद दाराला हात लावून आमच्याकडे चहा घेते. तिला विचारावं असं दर वेळी मनात येतं. पण मग तो लिहून न पाठवलेला मेसेज आठवतो, आणि मी तिला साखर पुरे का एवढंच विचारतो.