नंबर नसलेली पानं

घरात भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात मोठ्यानं हसणारा मी. आज तुम्ही मला हसाल... हसा. पण आधी पूर्ण वाचा.

जळगावला कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झालो. आमच्या भागातल्या एका नावाजलेल्या लेखकावर (नाव सांगत नाही, ओळखाल) कपाटभर पुस्तकं आहेत, पण त्याच्या मित्रांवर एक ओळ नाही. म्हणून मी त्या मित्रांची छोटी चरित्रं लिहितो. शिंपी, पोस्टमन, हलवाई, तबलजी — चार छापून झाली. लेखकाच्या सभेत मागच्या रांगेत बसणाऱ्यांना मी पुढे आणून बसवलं. याला माज म्हणा, पण मला अभिमान आहे!

पाचवे होते अमळनेरचे दिवंगत बुकबाइंडर रहीमभाई. लेखकाची हस्तलिखितं तेच शिवायचे. लेखकानं आठवणींत त्यांना प्रेमानं ‘माझा अंगठाबहाद्दर दोस्त’ म्हटलंय. मीही तसंच लिहिलं. फोनवर त्यांच्या मुलीला, धुळ्याच्या झुबेदाआपांना, ते वाचून दाखवलं तर त्या भडकल्या. म्हणाल्या, समोर या.

निघायच्या दिवशी सकाळी बहात्तर पानांची प्रिंट काढून आणली. पान नंबर टाकायला विसरलो होतो! लायब्ररीयन असून! त्यात पंखा लावला आणि पानं घरभर उडाली. बसची वेळ झालेली. उलटीसुलटी गोळा केली, टेबलावर ढीग ठेवला, त्यावर डिक्शनरी ठेवली, कुलूप लावलं. बायको पुण्याला लेकीकडे. एक किल्ली तिच्या पर्समध्ये, दुसरी माझ्या खिशात.

धुळ्यात आपांनी चहा दिला, पण चेहरा काही सैल केला नाही.

“भाऊ, अब्बाले लिखता येत नव्हतं, पन बठ्ठं वाचता येत व्हतं. पानं लाई लाईसन शिकनात ते.”

“पानं लावता लावता सगळं वाचायला शिकले? आपा, पण खुद्द लेखकानं त्यांना अंगठाबहाद्दर लिहून ठेवलंय.”

“त्यासनी कधी इचारंच नई. अब्बानी कधी सांगं नई.”

“काही पुरावा?”

त्यांनी माझा रिकामा कप उचलला. मग हळूच म्हणाल्या, “छापी गयं म्हंजे कायमचं व्हई जाई, भाऊ.”

परतीच्या बसमध्ये मला वाईट वाटत होतं. पण लेकीच्या मायेवर चरित्र लिहिता येत नाही, असं मी स्वतःला बजावत होतो.

पाच वाजता घरी पोचलो. लख्ख ऊन. कुलूप जसंच्या तसं. आत टेबलावर डिक्शनरी बाजूला सरकवलेली आणि पानं... शिवलेली. डाव्या कडेला दाभणाची तीन भोकं, पांढरा दोरा, घट्ट गाठ. माझ्या घरात दाभण नाही.

खुर्ची ओढून पहिल्यापासून वाचायला बसलो. एकच जागा सोडली तर प्रत्येक पानाचं तुटलेलं वाक्य पुढच्या पानावर बरोब्बर जुळत होतं. नंबर एकाही पानावर नव्हता! वाचल्याशिवाय ती लागणं शक्यच नव्हतं. मोजली तर एकाहत्तर. बहात्तरावं पान वेगळं, सुटं ठेवलेलं — ‘अंगठाबहाद्दर’वालं.

भीती वाटली नाही, खरंच. लाज वाटली.

आपांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलंच नाही. एवढंच विचारलं, “एखादं पान मागंपुढं?”

“एकही नाही, आपा.”

बराच वेळ फोनवर फक्त त्यांचं रडू ऐकू येत होतं.

कोणी शिवलं, कसं शिवलं, मला अजून कळलेलं नाही. बायको म्हणते, तुम्हीच शिवलं असेल आणि विसरला असाल. मला शर्टाचं बटण लावता येत नाही.

पुस्तक आलं. पहिली प्रत घेऊन मी धुळ्याला गेलो. आपांनी मी नव्यानं लिहिलेलं ते पान काढलं, शेजारच्या बायकांना हाका मारून बोलावलं आणि उभ्यानं, खणखणीत आवाजात वाचलं — “रहीमभाई प्रत्येक हस्तलिखित स्वतः वाचून लावत. त्या लेखकाचे पहिले वाचक तेच.”

मग चष्मा पुसला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.