पाडव्याचा कडुलिंब

मी लोणावळ्यात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्या प्रकारात मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

दुसऱ्या वेळचा चौथा महिना चालू होता. पाडव्याला मी, नवरा आणि आमचा तीन वर्षांचा मुलगा भाज्याला थोरल्या जावेकडे गेलो. एरवी तिथे दाराला कडुलिंबाची डहाळी दिसली, की घरात कुणाला तरी कांजिण्या आल्यात हे शेंबडं पोरही ओळखतं आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरतं. पण पाडव्याला घरोघरी गुढीला कडुलिंब असतोच. जावेच्या दाराला जरा जास्तच होता. मला वाटलं, हौस.

चार वर्षांची पुतणी दुपारभर माझ्या मांडीवर होती. एवढ्या उकाड्यात तिला लांब बाह्यांचा झगा घातलेला. जेवताना श्रीखंड लागेल म्हणून मी तिची बाही वर सारली, तर हातभर भिजलेल्या साबुदाण्यासारखे फोड.

"वैनी, हे कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

जाऊ पुरी लाटत होती. तिचा हातसुद्धा थांबला नाही. "चार दिस झालं. आई आलीया तिला. पर आईची पाटवणी झाल्याबिगर बोलायचं नस्तं गं, रागावती ती."

"मी पोटुशी आहे."

"मंग? आई काय पोटुशीवर कोपती व्हय?"

देवीला राग येऊ नये म्हणून माझं बाळ पणाला लावलं होतं या बाईने, आणि वर मला आणखी दोन पुऱ्या वाढत होती. इतकी किळस मला आयुष्यात कुणाची आली नसेल. नवरा म्हणाला, सणावारी तमाशा नको. त्याचीही आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी तुम्हाला येऊन गेल्या होत्या का? मी आईला फोन लावला. तुला की तुझ्या भावाला, एकाला आल्या होत्या एवढं नक्की, असं ती म्हणाली. दोन मुलं, आणि तेवढंही लक्षात राहू नये! डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासायला पाठवलं. आधी होऊन गेल्या असतील तर भीती नव्हती. नसतील तर मला आणि बाळाला दोघांनाही धोका होता, मग ताबडतोब वेगळं इंजेक्शन घ्यावं लागणार होतं. कांजिण्यांची लस गरोदरपणी देत नाहीत.

"मुलाला दिलीय ना?" त्यांनी विचारलं.

नव्हती दिली. तो सव्वा वर्षाचा असताना सुचवली होती त्यांनी. सरकारी कार्डावर नाही म्हणजे धंदा असणार, आणि कांजिण्या काय सगळ्यांनाच येतात, असं तेव्हा मी स्टाफरूममध्ये ऐटीत सांगितलं होतं. आता बाई म्हणाल्या, तोही त्या घरात होता, आज-उद्या दिली तर अजून उपयोग होईल. मी म्हटलं, माझा रिपोर्ट येऊ दे, मग आणते.

रिपोर्टला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी काय केलं? फोन. नणंदेला, दोन्ही चुलत सासवांना, मैत्रिणींना. जावेच्या अडाणीपणाचा असा उद्धार केला की ऐकणारे कंटाळले. तिची बोलायची लकबही काढून दाखवली. लोक हसले, मला बरं वाटलं. मग रिपोर्ट आला. कांजिण्या मलाच येऊन गेल्या होत्या. मी रडले, पेढे वाटले, आणि मुलाची लस राहिली ती राहिलीच.

पाडव्याला दोन आठवडे झाले होते. सकाळी मुलाला आंघोळ घालताना पाठीवर लाल पुरळ दिसलं, आणि त्यात एक टपोरा पाण्याचा थेंब.

आदल्या संध्याकाळी तो समोरच्या फ्लॅटमध्ये, शेजारणीच्या कुशीत बसून पोहे खात होता. तिला दुसरा महिना होता. लग्नाला सात वर्षं झाल्यावरचा, आणि अजून फक्त मला सांगितलेला.

मी तिची बेल वाजवली. कांजिण्या हा शब्द मी फोनवर शंभरदा उच्चारला असेल, तिथे मात्र तो तोंडातून निघेना.

"त्याच्या अंगावर जरा काहीतरी आलंय," मी म्हणाले. "उष्णतेचं असेल."

"मग आण की त्याला इकडे," ती म्हणाली. "मी बघते. तू जा शाळेत."

तेव्हा मला बोलावंच लागलं. कांजिण्या आहेत, म्हटलं. लस दिली नव्हती तेही सांगितलं, आणि भाज्याचंही. मग तिला विचारलं, लहानपणी तुला येऊन गेल्यात का? तिला माहीत नव्हतं.

ती दाराला धरून उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पाडव्यापासून," मी म्हणाले.