उजव्या खांद्यावरचा पदर

नव्वदीचे दशक संपत आले होते. बारामतीत इंटरनेट नुकतेच पोचले होते आणि टेलिफोनची लाइन गेली की तेही जात असे. मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. माझा मित्र कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता. आम्ही दोघांनी एका गाळ्यात व्यवसाय सुरू केला: गिऱ्हाइकाने ई-मेलने फोटो पाठवायचा, आम्ही तो काचेवर छापून घरपोच द्यायचा. मित्राने त्यासाठी वेबसाइटही केली होती. बारामतीत ती कोणी पाहत नसे. ऑर्डरी येत त्या नोकरीसाठी लांब गेलेल्या मुलांकडून, आणि पत्ते असत आसपासच्याच गावांचे. शेजारचा सायकलवाला विचारी, "काच तारेतनं येती व्हय वो? मधी कुठं फुटत न्हाय?"

छपाई मात्र हातानेच होई. फोटोची फिल्म पुण्याहून काढून आणायची, ती छपाईच्या जाळीवर, म्हणजे स्क्रीनवर, उतरवायची आणि काचेच्या मागच्या बाजूला शाई ओढायची. त्यावर पांढऱ्या रंगाचा थर. चित्र मागून छापून पुढून पाहायचे, म्हणून ते उलटे छापावे लागे. यात घोटाळा होणे सोपे होते. सुरुवातीलाच एका सरपंचांचे घड्याळ उजव्या मनगटावर गेले. तेव्हापासून मित्राने नियम केला: पुरुष असेल तर घड्याळ आणि बटणे पाहायची, बाई असेल तर पदर. पदर डाव्याच खांद्यावर हवा.

एकदा बंगळूरहून एका तरुणाने आईचा फोटो पाठवला. बहिणीच्या लग्नात बुद्धमूर्तीशेजारी ठेवायचा होता. काच निरवांगीला घरी पोचवायची होती. फोटोत पदर उजव्या खांद्यावर होता, नाकातली चमकीही उजवीकडे. स्कॅन करताना फोटो उलटा झाला असावा, असे धरून मित्राने तो सरळ करून घेतला.

काच गोधडीत गुंडाळून आम्ही मोटारसायकलवरून लासुर्ण्यामार्गे निरवांगीला गेलो. घरी ती बहीण होती आणि तिचे वडील. मुलगी इंदापुरात नर्स होती. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मुलीने गोधडी सोडली, काच भिंतीला टेकवली आणि मागे सरकली.

"ही कोण?" ती म्हणाली.

"तुमच्या आई," मित्र म्हणाला.

"तोंडवळा तिचाच हाय. पर ही ती न्हाय."

मित्राने समजावले, की मूळ फोटो उलटा आला होता, आम्ही सरळ केला. तिने भिंतीवरचा जुना फोटो काढून त्याच्यासमोर धरला. "ह्यो काय उलटा हाय?"

त्यातही पदर उजव्याच खांद्यावर होता. तो उलटा असेल असे तिच्या मनातही कधी आले नव्हते. आई गेली तेव्हा ती रांगत होती. आई म्हणजे तिच्यासाठी तो फोटोच. लग्नात आईऐवजी कोणी परकी बाई बसणार, ही तिची भीती तिच्या आवाजात स्पष्ट होती.

वडील खाटेवरून उठून काचेजवळ आले. "बरुबर केलंय ह्यांनी. निमगावच्या स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी धरली हुती. मला तवाच कळलं."

"आबा! मंग एवढी वरसं बोलला का न्हाय?"

"परत गेलो तवर तो दुकान गुंडाळून गेला हुता, निगेटिव्हसकट. पुन्यांदा कुणाकडनं छापणार? आन् पुढं तू त्या फोटूशीच बोलाया लागलीस. परीक्षेला जाताना, ताप आला तरी. म्हटलं, ऱ्हाऊ दे."

ती जुना फोटो हातात घेऊन काचेजवळ आली. वडिलांनी काचेवर बोट ठेवले. "भुवईवरची खूण ह्याच अंगाला. इळा लागला हुता. माझ्यावर चिडून वैरण कापत हुती."

"आई चिडायची?"

"लई. कालवणात मीठ जादा झालंय म्हटलं, की म्होरलं ताट उचलून न्यायची. मंग बस उपाशी."

मित्र म्हणाला, "ताई, लग्नाला अजून आठवडा आहे. भिंतीवरच्या फोटोसारखी दुसरी काच करून देतो."

तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "आबा, आन् डावरी हुती का उजवी?"

"उजवी. पर धपाटा डाव्या हातानं घालायची. उजव्या हातात कायम काय तरी काम."

मुलगी हसली आणि खाटेजवळ खालीच बसली. चुलीवर उकळत राहिलेला चहा आमचा आम्हीच उतरवून घेतला. निघताना तिने एवढेच सांगितले, की दुसरी काच नको.

लग्नाला आम्ही गेलो. काच मूर्तीशेजारी ठेवली होती. बंगळूरचा भाऊ आदल्या रात्री उशिरा पोचला होता आणि मांडवात आला तो थेट काचेसमोर थांबला. तो बहिणीहून दोन-तीन वर्षांनी मोठा, पण आई त्यालाही आठवत नव्हती.

"ही कोण गं?" त्याने विचारले.

लोक वंदनेसाठी उभे राहत होते. नवरीने त्याचा हात धरून त्याला काचेच्या आणखी जवळ ओढले. "हितं बघ दादा," ती म्हणाली, "भुवईवर."