गुडघ्याखालची चार बोटं

बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या पट्ट्यावर बसणाऱ्या एका बाईला आम्ही सगळे भिंगबाई म्हणायचो. तिच्यासमोरून मिनिटाला साठ बाटल्या सरकत. मागे पांढरा दिवा. तडा, बुडबुडा, पातळ तळ, जे दिसेल ते काढून खालच्या पेटीत टाकायचं. नुसती शंका आली तरी काढायचं, हा तिथला पहिला नियम. काढलेली बाटली भट्टीत वितळते आणि पुन्हा बाटली होते. पट्ट्याच्या टोकाला मी क्रेट उचलायचो. तिच्याकडून आलेला क्रेट अकरा वर्षांत मी एकदाही उघडून पाहिला नाही. एवढं मी फार थोड्यांबद्दल म्हणेन.

"भिंगबाईनं नवऱ्यालाही दिव्यासमोर धरून पाहिला असेल," पॅकिंगवाले चिडवायचे.

"पाहिला ना. तडा होता. पण तोवर लग्न लागून गेलं होतं."

रविवारी ती चीअरलीडिंगच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जायची. मी एकदा तिच्याबरोबर क्रीडागृहात गेलो होतो. अडीच मिनिटांचा खेळ. तिघी खाली, चौथी त्यांच्या तळहातांवर उभी. वरचीला उंच फेकायचं, तिनं हवेत गिरकी घ्यायची, खालच्यांनी झेलायचं. सगळ्या हसत असतात, पण वजन उचलणाऱ्या माणसाला त्यांच्या पोटऱ्या दिसतात. भिंगबाई स्वतः तरुणपणी नऊ वर्षं खालची होती. बाकीचे परीक्षक वर बघत, ती खाली बघायची.

गुण देण्याची रीत तिनंच मला समजावली होती. दहा गुण छापेचे, म्हणजे खेळ मनाला कसा वाटला त्याचे. आणि चुकीला वजाबाकी. हात किंवा गुडघा चटईला टेकला तर अर्धा गुण गेला.

"छाप म्हणजे माझं मत," ती म्हणायची. "दुसरीचं वेगळं असेल, चालतं. वजाबाकी मत नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायची नाही. शंका आली तर गुण संघाचा."

पट्ट्यावरच्या नियमाच्या बरोबर उलटा नियम. दोन्ही तिला पाठ होते.

त्या वर्षी अंतिम फेरीच्या आठवड्यात पट्ट्यावरची दुसरी बाई आजारी पडली. भिंगबाईनं सहा दिवस दोन-दोन पाळ्या केल्या. सातव्या दिवशी परीक्षकांच्या टेबलावर बसली. एका संघाच्या खेळात ती खाली मान घालून काही टिपत होती, तेवढ्यात सगळं सभागृह एकदम श्वास ओढून थांबलं. तिनं मान वर केली. खालची एक मुलगी जवळजवळ जमिनीवर आली होती, वरची तिच्या कवेत होती. गुडघा टेकला होता की नव्हता? हातानं तिच्या आधी ठरवलं. अर्धा गुण वजा.

तो संघ तीन दशांशानं हरला. पहिला येणारा संघ पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. कुणीतरी खेळाचं चित्रण पाठवलं होतं. तिनं ते एका जागी थांबवलं.

"मोज, दादा."

गुडघा आणि चटई यांच्यामध्ये मोकळी जागा होती. "तीन बोटं," मी म्हटलं.

"नीट बघ. चार आहेत. त्या पोरीनं पडणारी मुलगी झेलली आणि स्वतःला तिथं धरून ठेवलं. नऊ वर्षांत मला असं एकदाही जमलं नव्हतं."

तिनं मंडळाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, निकाल जाहीर झाल्यावर अर्ध्या तासात हरकत घ्यायची असते. मुख्य परीक्षक बाईंनी फोनवर समजूत घातली, "अगं, अर्धा गुण! छापेत आपण सगळ्याच तेवढं इकडेतिकडे करतो. कोण विचारतं?"

"तिथं मी मत दिलं असतं," भिंगबाई म्हणाली. "इथं मी पाहिलं म्हणून लिहिलंय. आणि मी पाहिलं नव्हतं."

त्यानंतर ती परीक्षक म्हणून बसली नाही. पण ते सभागृह काही तिला सोडेना. आमच्याकडे हवेची मोठी टाकी होती. ती भरली की झडप उघडून सुस्कारा सुटे. दिवसातून तीस-चाळीस वेळा. प्रत्येक वेळी भिंगबाई मान वर करायची. समोर भिंतीवर काही नव्हतं. ती बघायची आणि पुन्हा खाली वळायची. सहा वर्षं मी हे पाहिलं.

सातव्या वर्षी पट्ट्यावर एक नवी मुलगी आली. रुंद खांद्यांची, कामाला चोख. तिला शिकवायचं काम भिंगबाईकडे आलं. बाई पहिल्या दिवशी डबा न उघडताच परत घेऊन गेली.

"तीच आहे," मला म्हणाली. "मला ओळखत नाही. टेबलामागचे चेहरे कोण लक्षात ठेवतं?"

मुलगी मोकळ्या स्वभावाची होती. महिन्याभरात एकदा जेवताना तिनं आपण होऊन सांगितलं. "मला खांब म्हणायचे. मीच हरवलं आमच्या संघाला. गुडघा टेकला माझा."

"जोरात लागला होता?" मी विचारलं.

"लागल्याचं आठवत नाही, काका. तेव्हा तर वाटलं होतं, वाचवलं. पण गुणपत्रिकेत लिहिलं होतं ना! सगळ्या जणींच्या घरी जाऊन माफी मागून आले. मग सोडूनच दिलं."

भिंगबाईनं डब्याचं झाकण लावलं.

"सांगून टाक," मी तिला नंतर म्हटलं.

"सांगितलं की मी हलकी होईन. ती काय करेल त्याचं?"

तीन आठवडे गेले. मग एका दुपारी मुलगी एक बाटली हातात धरून अडखळली.

"मावशी, तडा आहे की नुसती चमक? कळत नाही."

"काढ."

मुलीनं ती पेटीत टाकली आणि हसली. "हे बरं आहे. शंका आली की काढून मोकळं."

भिंगबाईनं लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. अकरा वर्षांत तिनं तो कधी थांबवला नव्हता. आणि तिथंच बसून तिनं सगळं सांगितलं, माझ्यासमोर, एकही शब्द मऊ न करता.

मुलगी स्टुलावरून उठली. दोन्ही हात कवेत काही धरल्यासारखे केले आणि हळूहळू खाली गेली. डावा गुडघा फरशीच्या वर थांबला. मांडी थरथरत होती.

"किती होतं? एवढं?"

भिंगबाई फरशीवर बसली. तिनं आपला पंजा आडवा करून गुडघ्याखाली सरकवला. चार बोटं मावली.

"एवढंच," ती म्हणाली.

मुलगी तशीच थांबली. मी मनात मोजत होतो, एकोणीसपर्यंत गेलो. मग ती उठली.

"मला आठवत होतं, मावशी. मला बरोबर आठवत होतं. मी माझ्याच अंगाला खोटं ठरवलं."

दुसऱ्या दिवशी तिनं दुसऱ्या पट्ट्यावर बदली मागितली आणि तिला ती मिळाली. भिंगबाईशी ती पुन्हा बोलली नाही. तिचं चुकलं, असं मी म्हणणार नाही.

भिंगबाई त्याच वर्षी निवृत्त झाली. शेवटच्या पाळीतही टाकीनं सुस्कारा सोडला तशी तिनं मान वर केली. समोर आता रिकामी भिंत नव्हती. भिंतीकडच्या पट्ट्यावर ती मुलगी पाठमोरी बसली होती, ताठ. बाई बघत राहिली. तिच्यासमोरून बाटल्या जात होत्या. त्या दिवशीचा क्रेट मी उघडून तपासला.