सुनंदानं पाहिलेलं ऑकलंड

ऑकलंडला उतरलो तेव्हा हे शहर मला आधीच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. नऊ वर्षांपूर्वी माझी बायको सुनंदा लेकीच्या बाळंतपणासाठी इथे तीन महिने राहून गेली. मला कचेरीतून रजा मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी ती मागितलीच नाही. तिनं मात्र फोनवरून मला सगळं शहर हिंडवून आणलं. ती जाऊन आता दोन वर्षं झाली. ती जिथे जिथे उभी राहिली तिथे एकदा उभं राहावं, एवढ्यासाठी मी हे कुरकुरणारे गुडघे घेऊन इतक्या लांब आलो होतो.

लेक मुक्ता बॉटनी डाउन्स या उपनगरात राहते. सुनंदानं सांगितलेल्या ठिकाणांची मी केलेली यादी तिनं दोनदा वाचली. मग म्हणाली की एवढी दगदग कशाला, घरीच आराम करा. मी अर्थातच ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी फेरीबोटीनं डेव्हनपोर्टला गेलो. रांगितोतो बेट कुठूनही पाहिलं तरी सारखंच दिसतं, असं सुनंदा म्हणाली होती, ते अगदी खरं निघालं. किनाऱ्यावर बटाट्याचे चिप्स खाताना एका सीगलनं माझ्या हातातला चिप पळवला. नात रेवा पोट धरून हसली. तुझ्या आजीला इथली कॉफी कडू लागली होती, असं मी तिला सांगितलं. मुक्ता पाण्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी माउंगाफाउ. भर शहरातला हा विझलेला ज्वालामुखी. लाकडी पायवाटेनं चढताना मी दोनदा टेकलो. वर पोचलो आणि शीण विसरलो. खाली सगळं शहर, दोन्हीकडे समुद्र आणि मधोमध परातीसारखा हिरवागार खळगा. त्या खळग्यात गाई चरतात, हे सुनंदानं मला रंगवून सांगितलं होतं. तिनं त्या मोजल्याही होत्या, सात. मी कठड्याला टेकून शोधू लागलो.

"आजोबा, देअर आर नो काउज हिअर," रेवा म्हणाली.

कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ "किआ ओरा" (नमस्कार) म्हणून थांबले. त्यांना विचारलं. गाई पूर्वी असायच्या, पण या मुलीच्या जन्माच्या कितीतरी आधीच हलवल्या, असं ते म्हणाले. माझ्या बायकोनं स्वतः मोजल्यात, म्हणून मी हुज्जत घातली. भला माणूस होता, हसून पुढे गेला.

"बाबा, आई इथे आलीच नव्हती," मुक्ता म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. तिचे टाके, रेवाची कावीळ, जावयाची नवी नोकरी. सुनंदानं शेक-शेगडी, मालिश, डिंकाचे लाडू, सगळं साग्रसंगीत केलं. सव्वा महिना बाळंतिणीला उंबरा ओलांडू दिला नाही आणि स्वतःही ओलांडला नाही. पुढे 'येत्या शनिवारी नक्की' करता करता परतीचा दिवस आला. आधीच्या भाडेकरूनं टाकून दिलेलं ऑकलंडचं एक जुनं माहितीपुस्तक घरात होतं. फोनच्या आधी सुनंदा ते वाचून काढायची. नुसती राबतेय असं कळलं तर बाबांना वाईट वाटेल, तेव्हा सांगू नकोस, असं तिनं लेकीला बजावलं होतं.

मला आधी मुक्ताचा राग आला. मग तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

"तिनं पाहिलं तरी काय मग?" मी विचारलं.

"अवोन्डेलचा बाजार. शेवटी शेवटी रविवारी जायची. माझ्यासाठी शेपू आणायला."

यादी तिथेच संपली. रविवारी आम्ही अवोन्डेलला गेलो. टारोचे (अळूच्या कंदांचे) ढीग, फुलाफुलांचे झगे घातलेल्या, पॅसिफिक बेटांवरून आलेल्या धिप्पाड बायका, जुने कपडे, संत्री आणि एका टेबलावर शेपूच्या ओल्या जुड्या. सुनंदा भाजी घेताना देठ मोडून बघायची. मीही एक मोडून पाहिला. वास आला आणि मला भर बाजारात रडू फुटलं. लोक पिशव्या सांभाळत मला वळसा घालून जात होते. रेवानं काही न विचारता माझा हात धरला.

पुण्याला परतलो. सकाळी बागेत मित्रमंडळींनी घेरलं आणि विचारलं, काय काय पाहिलंस? मी तोंड उघडलं आणि थबकलो. तीन महिने मी सुनंदाला फोनवर रोज हेच विचारत होतो. दमलीस का, असं एकदाही विचारलं नव्हतं.