नाल्यावर नाव घेत नाहीत

मोटारसायकलवर लेकरं नेणं ही आमच्या तेलंगणाच्या सीमेवरच्या भागात काही बहादुरीची गोष्ट नाही. सकाळी भीमपूरकडच्या वाटेवर उभं राहून बघावं, एकेका गाडीवर अख्खं घर चाललेलं असतं. एक टाकीवर, एक मधे, एक आईच्या मांडीवर, आणि वरून दुधाची कॅन. बाहेरचे पाहुणे तोंडात बोट घालतात. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट आपल्याइतका सावध बाप गावात दुसरा नाही, असंच मी समजून होतो.

माझी व्यवस्था ठरलेली होती. चार वर्षांचा धाकटा पुढं टाकीवर. सात वर्षांची पोरगी माझ्या पाठीशी. तिच्या मागं मेथी-कोथिंबिरीचं बोचकं, कारण लेकरांना शाळेत सोडून मी तसाच भाजी घेऊन बाजारात जातो.

गावापासून दोन किलोमीटरवर एक नाला लागतो. त्यावर बिनकठड्याचा बुटका पूल आहे. हिवाळ्यातसुद्धा त्यावरून बोटभर पाणी वाहतं आणि शेवाळ धरतं. तिथं मागच्यानं उतरून चालायचं, हा सगळ्यांचाच रिवाज. धाकट्याला घेऊन मी पहिल्या गिअरात हळूहळू पूल ओलांडायचो. पोरगी बोचक्याची दोरी धरून मागं यायची, शाळेत शिकलेले तेलुगू आकडे मोजत. ओकटी, रेंडू, मूडू. पलीकडे ती चढली की मी विचारायचो, "बसले का?" पुढून एक "हाव" यायचा, मागून एक "हाव" यायचा आणि गाडी सुटायची.

नाव घेऊन मात्र विचारायचं नाही. आमच्याकडं नाल्यावर लेकराचं नाव घेत नाहीत. घेतलं तर पाण्यातलं कोणीतरी ते ऐकून ठेवतं आणि पुढं त्याच नावानं हाका मारतं, असं जुनी माणसं सांगतात. माझा विश्वास होता का? नव्हता. पण पाळायला आपलं काय जातं, म्हणून पाळत होतो.

त्या सकाळी धुकं असं होतं की स्वतःच्याच गाडीचा पुढचा दिवा धड दिसत नव्हता. कापसाचे दिवस होते. गाड्यांतून उडालेला कापूस वाटेच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना लटकला होता. धुकं कुठं संपतं आणि कापूस कुठं सुरू होतो, तेच कळेना. कानाला मफलर गुंडाळलेला. पुलाशी पोरगी उतरली. मी पुढं निघालो. मागून मोजणं ऐकू येत होतं. पलीकडे जाऊन मी पाय टेकले. गाडी किंचित दबली. पाठीला भार लागला, ऊबही लागली. मी विचारलं, "बसले का?"

"हाव." आणि पुन्हा, "हाव."

मी गाडी सोडली.

डांबरी सडक लागली तसा धाकटा म्हणाला, "बाबा, ताई कवा येते?"

"मांगं बसली ना ताई."

"न्हाई बसली."

मी हात मागं नेला. हाताला ओली मेथी लागली. पोरगी मधे नव्हती म्हणून बोचकं घसरून माझ्या पाठीला टेकलं होतं. दवानं भिजून गारठलेलं बोचकं. ऊब कशाची लागली होती, ते मला आजही सांगता येत नाही.

"मंग हाव कोन म्हनलं रे?"

"मी म्हनलो."

"दोनदा म्हनला?"

"एकदाच म्हनलो बाबा," तो म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याच्यावर ओरडलो होतो, हे मला त्याचं रडू ऐकून कळलं.

गाडी वळवली. नाल्यापर्यंतची वाट मी कशी कापली, देवाला ठाऊक. पाचावर धारण बसली होती. सात वर्षांचं लेकरू, शेवाळलेला पूल, कठडा नाही, हातभर पुढचं दिसत नाही. एकच विचार: तिनं गाडीच्या आवाजामागं धावायला नको. धावली तर घसरलीच. पूल जवळ आला तसं मी इंजिन बंद केलं, धाकट्याला गाडीपाशी उभं केलं, "हलायचं न्हाई" म्हणालो आणि पाण्यात पाय घातला. कानावर फक्त पाण्याची खळखळ.

मग मी तिचं नाव घेतलं. तीनदा घेतलं, जीव तोडून.

उत्तर आलं नाही.

आणखी पाच-सहा पावलं गेलो आणि ती दिसली. पुलाच्या मध्यावर, अगदी काठाला, दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे घट्ट धरून उभी. मी हाक मारली तिथून दहा हातांवर होती. माझी हाक तिला ऐकू आली नसेल, हे शक्यच नव्हतं. मी तिला उचलून छातीशी धरलं. जीव भांड्यात पडला, आणि पडल्यापडल्याच मला राग आला.

"हाका मारून राह्यलो ना मी! ओ काऊन देत न्हाईस?"

तिनं माझ्या गालाला हात लावून बघितलं. मग हळूच म्हणाली, "मघापासून तुमीच बलावून राह्यले. इकून बलावलं, मी गेले, तुमी नवते. मंग तिकून बलावलं. तिकडं बी नवते. म्हनून आता गेले न्हाई."

"कायच्यानं बलावलं?"

"नावानं."

त्या दिवशी शाळाही राहिली आणि बाजारही. घरी आल्यावर बायकोनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ती चिडेल, भांडेल, असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "तुमी नाव घेतलं का तिथं?" मी हो म्हणालो. ती चुलीकडं वळली. शाळेतले सर म्हणाले, धुक्यात आवाज फिरतो, तुमचीच हाक तिला चहूबाजूंनी ऐकू आली असेल. दिवसाउजेडी मला हे पटतं. पण मी हाक मारायच्या आधी तिनं ज्या ऐकल्या, त्या कोणाच्या, हे मी सरांना विचारलं नाही. त्यांनी काही उत्तर दिलं असतं तर तेही मला नको होतं.

मला भीती वाटते ती नाल्याची नाही. पाठीला भार लागला तेव्हा मी मान वळवून बघितलं नाही, याची वाटते. बापानं एकदा मागं बघायला किती वेळ लागतो?

आता ती शाळेच्या ऑटोनं जाते. हसते, भावाशी भांडते, आकडे शंभरापर्यंत आले आहेत. फक्त मी वावरातून येऊन अंगणातून तिला हाक मारली की ती येत नाही. दाराआड उभी राहते. आईनं बोलावलं तर धावत जाते, मामानं बोलावलं तरी जाते. माझ्या आवाजाला तेवढी थांबते. म्हणून हल्ली मी हाक मारणंच सोडलंय. गुपचूप दारासमोर जाऊन उभा राहतो आणि तिचं माझ्याकडं बघून होईपर्यंत थांबतो.