हाक पोचली, पत्ता नाही

आमच्या सर्वण गावच्या घरात दोन यंत्रं बंद पडून होती. एक माझ्या लॅपटॉपात, दुसरं सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसलेलं: बाबा.

खाण बंद झाल्यापासून ते रोज सकाळी हेल्मेट मांडीवर घेऊन बसत. डंपर चालवायचे. डंपर एवढा, की त्याच्या टपावर अख्ख्या वाड्याची पंगत उठली असती, वर वाढप्यांना फिरायला जागा. खाणीवरच्या त्यांच्या टोळीचा रिवाज असा, की आपणहून कुणी खाणीवर जायचं नाही. मुकादम वाटेवरून हाक मारणार, नाव आणि कामाची जागा एका दमात. त्याची हाक ऐकून पलीकडच्या मुळगावातले कोंबडे आरवायचे विसरत. खाणबंदीच्या काळात मुकादम वारला. बाबांनीच खांदा दिला. आता खाण पुन्हा सुरू झाली होती, दारावरून नवी माणसं कामाला जात होती, आणि बाबा हाकेची वाट बघत होते.

आत मी एम्युलेटर लिहीत होतो, म्हणजे एका मशीनच्या पोटात दुसऱ्या मशीनचं सोंग उभं करणारा प्रोग्राम. सोंगातल्या प्रोसेसरला चार कोर, म्हणजे काम करणारे चार गडी. मशीन सुरू होताना पहिला एकटाच जागा होतो, घर झाडून घेतो, मग बाकीच्यांना एकेक करून हाक मारतो: ऊठ, अमुक पत्त्यापासून कामाला लाग. माझे तिघे उठत आणि उठताक्षणी कोसळत. इतक्यांदा कोसळले, की त्यांचं बारावं घालायचंच काय ते बाकी होतं. शेवटी सापडलं. हाक मी पोचवत होतो, पत्ता पोचवत नव्हतो. उठलेला कोर शून्य पत्त्यापासून सुरुवात करी, आणि शून्यावर काहीच नव्हतं.

दुरुस्त केलं आणि ओरडतच सोप्यावर आलो.

“बाबा, उठले तिघे!”

“हाक कोणी मारली?”

“पहिल्यानं.”

“बरां,” बाबा म्हणाले. “तेंचो मुकादम जितो आसा.”

मला कुठली अवदसा आठवली कोण जाणे. दुसऱ्या सकाळी वळणावर माडाआड उभा राहिलो आणि मुकादमाच्या आवाजात बाबांना हाक मारली. नकलेत माझा हात धरणारा पार पेडण्यापर्यंत सापडायचा नाही. बाबा ताडकन उठले. हेल्मेट डोक्यावर चढवून पायऱ्या उतरले, वाटेवर आले आणि थांबले. कान देऊन उभेच राहिले. मला माडाआडून बाहेर यावं लागलं.

“आवाज बरो काडलंस,” ते म्हणाले. “पण जावचां खंय, तां सांगूक ना.”

परत जाऊन सोप्यावर बसले. हेल्मेट काढायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, आणि मला सांगवेना.